पुढच्याचा मान

एकदा एक म्हातारा बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येत होता आणि मध्यावर एकाएकी थांबला. समोर कोणी नव्हतं, कोरा उतार तेवढा होता. म्हातारा वाट सोडून बाजूला झाला, काठ्या बगलेत धरल्या आणि मान किंचित लववून उभा राहिला. देवळाच्या अरुंद दारात समोरून कोणी आलं की आपण राहतो तसा. थोड्या वेळानं त्यानं स्की सरळ केल्या आणि तो पुन्हा निघाला.

त्याच्या मागून येणारा शिष्य हे कित्येक हिवाळे पाहत होता. पहिल्या खेपेला तो म्हाताऱ्यावर आदळता आदळता वाचला होता. पुढे सवय झाली, पण मनात बसलेली भीती काही गेली नाही. कारण म्हाताऱ्याची नजर रिकाम्या जागेवर खिळलेली नसे. ती हळूहळू खाली सरकत जाई, कोणीतरी चाललं असावं आणि त्याला पोहोचवावं तशी.

म्हातारा स्कीइंग शिकवायचा. आता घसरायला शिकवायचं काय, ते तर माणसाला उपजतच येतं, असं तुम्ही म्हणाल, आणि तुमचं फारसं चुकणार नाही. पण घसरत असताना थांबता येणं ही विद्या आहे, आणि म्हातारा ती शिकवायचा. पायात बूट चढवण्याआधी तो प्रत्येकाकडून एक नियम म्हणवून घेई. ‘पुढच्याचा मान पहिला. पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात, म्हणून सांभाळायचं ते मागच्यानं.’

शिष्य उताराच्या पायथ्याच्या गावातला. अंगात कसब होतं, खोड एकच होती. वळण घेण्याआधी डावा हात उगाच वर उडायचा, माशी हाकलल्यासारखा. म्हाताऱ्यानं रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी नाद सोडला.

उतार, हॉटेल, रोपवे, सगळं एका व्यापाऱ्याचं. माणूस वाईट नव्हता. गावातल्या पोरांना त्यानं कामाला लावलं होतं. पण अलीकडे बर्फ उशिरा पडू लागला आणि लवकर वितळू लागला, तशी शेठची झोप उडाली. त्यानं बेत आखला. सावलीच्या बाजूचे देवदार तोडून नवा उतार काढायचा आणि यंत्रानं बर्फ पाडायचा. यंत्राला पाणी लागतं. ते मिळणार होतं गाव ज्यावर जगत होतं त्या झऱ्याचं.

त्या दिवशी हॉटेलात जेवणाच्या वेळी पाहुण्यांत यावरूनच जुंपली.

“हे बघा, धंदा म्हटला की चार झाडं जाणारच,” एक कारखानदार म्हणाले. “शेठनी गाशा गुंडाळला तर ही पोरं खातील काय?”

“चार नाहीत हो, अख्खी बाजू जाणार आहे,” एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आपण मजा करून घरी जायचं आणि इथल्या बायकांनी घागरी घेऊन वणवण करायची?”

“मला विचाराल तर इथलं वातावरणच गेलंय,” एक प्राध्यापक म्हणाले. “उतारावर कर्णे लावून गाणी कसली वाजवता? पूर्वी इथं बर्फ पडताना ऐकू यायचा.”

“बर्फ पडताना काय ऐकू येणार, कपाळ?” कारखानदार म्हणाले.

बुखारीची, खोली तापवणाऱ्या लोखंडी शेगडीची, ऊब आणि हातात गरम सूप असलं की वाद छान रंगतो. तिघांचंही खरं होतं, म्हणूनच तो संपत नव्हता.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. लोखंडाची पट्टी दगडावरून ओढत न्यावी तसा, लांबलचक, खरखरीत. डॉक्टरीणबाईंचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

“कोणी खडकावरून स्की नेतंय का?”

“खडक कुठाय, बाई? कमरेइतका बर्फ आहे बाहेर,” कारखानदार म्हणाले.

“रोपवेचं चाक असेल,” शेठ म्हणाला.

रोपवे जेवणासाठी बंद होता. दारापाशी जेवत बसलेल्या शिष्याला ते ठाऊक होतं. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यानं वाटी खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

जेवणं उरकल्यावर शेठनं शिष्याला बाजूला घेतलं. “तुझ्या गुरुजींचे गुडघे गेले रे. या हिवाळ्यापासून स्कीची शाळा तुझी, मुख्य शिक्षक तू. माझं एकच काम कर. आज दुपारी देवळासमोर गाव जमणार आहे. मी सांगितलं तर म्हणतील, शेठ थापा मारतोय. तू त्यांचा आहेस. झऱ्याचं पाणी पुरेल, एवढंच तू म्हण.”

“पुरेल ना पण, शेठ?”

“तू म्हणालास की पुरेल,” शेठ हसला आणि त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

शिष्याला ते पद हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं. पोरवयापासून त्यानं पाहुण्यांच्या स्की खांद्यावरून वाहिल्या होत्या. आता तेच पाहुणे त्याला ‘सर’ म्हणणार होते. एका वाक्याचा तर प्रश्न, म्हणून टाकू, असं त्यानं ठरवलं आणि गुरूबरोबर तो गावाकडे निघाला.

दुपार होती, पण धुकं असं उतरलं की उजेड कुठून येतोय तेच कळेना. आभाळ आणि उतार एकच झाले. म्हातारा म्हणाला, “आज तू पुढे हो. मी मागून येतो.”

असं तो कधीच म्हणाला नव्हता. शिष्य पुढे झाला. थोडं अंतर गेला असेल नसेल, तोच त्याला पुन्हा तो आवाज ऐकू आला, समोरून, अगदी जवळून.

आवाज ओळखीचा होता. हंगाम सरता सरता बर्फ विरळ होतो, खालचे दगड वर येतात आणि स्की त्यांवर घासते. दातांत कळ उठते तो आवाज ऐकताना. पण हा ऐन हंगाम होता. त्याच्या स्कीखाली बर्फ इतका मऊ होता की कसलाही आवाज होत नव्हता.

मग त्याला तो दिसला. धुक्यात पाठमोरा एक माणूस उतरत होता. इतक्या थंडीत त्याच्या अंगात नुसता सदरा होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याच्या स्कीखालून बर्फ उडत नव्हता, धूळ उडत होती. चाचपडत, दगड चुकवत तो चालला होता. वळण आलं, आणि वळण्याआधी त्याचा डावा हात वर उडाला, माशी हाकलल्यासारखा.

शिष्य जागच्या जागी थांबला. ही खोड साऱ्या पहाडात फक्त त्याची स्वतःची होती. आणि एखाद्याला ती लागायची तर त्याच्याचकडून शिकताना लागणार. ‘कोण आहे’ म्हणून हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, तोच मागून खांद्यावर हात पडला.

“ओरडू नकोस,” म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला. “दचकेल तो.”

दोघे बाजूला उभे राहिले. तो माणूस झऱ्यापाशी पोहोचला. स्की काढल्या, गुडघ्यांवर बसला आणि ओंजळ पुढे धरली. बराच वेळ धरली. मग त्यानं हात सदऱ्याला पुसले, आणि ते पुसताना ओले वाटले नाहीत. स्की खांद्यावर टाकून तो उठला. मागे वळून त्यानं एकदाही पाहिलं नाही. धुक्यानं त्याला गिळलं.

शिष्य धडपडत झऱ्यापाशी गेला. झरा बर्फाखालून खळखळत होता. भोवतालच्या बर्फावर पाऊल नव्हतं, ओरखडाही नव्हता. त्यानं पाण्यात हात घातला, तर बोटं बधिर झाली, इतकं ते गार आणि खरं होतं.

“गुरुजी,” हात बाहेर काढत त्यानं विचारलं, “हे भूत होतं का?”

“भूत म्हणजे होऊन गेलेलं,” म्हातारा म्हणाला. “हा तर अजून व्हायचा आहे. त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही. मी आपला वाट देतो. पहिल्या दिवशी तुला काय शिकवलं होतं?”

“पुढच्याचा मान पहिला.”

“पुढचा म्हणजे कोण?”

“जो आपल्या खाली असतो, समोर असतो, तो.”

“मीही तेवढंच समजत होतो. पण आपण पुढचा हिवाळा म्हणतो, पुढची पिढी म्हणतो. जो समोर आहे तोही पुढचा आणि जो अजून यायचाय तोही पुढचाच. आपण वरून सुटलोय, तो खाली आहे. त्याला आपण दिसत नाही, पण आपल्याला तो दिसू शकतो, पाहिलं तर. वर मंडळी भांडतात. कोणी धंद्याचं बोलतं, कोणी झाडांचं, कोणी शांततेचं. सगळ्यांचं बरोबर आहे, पण भांडताना जो तो शेजारच्याकडे बघतो. उतारावर शेजारी बघत जो सुटला, तो कोणावर आदळेल सांग.”

शिष्यानं स्की सरळ केल्या. बाकीची वाट दोघे जपून उतरले.

देवळासमोर गाव जमलं होतं. शेठ उंची कोट घालून पहिल्या ओळीत बसला होता. शिष्य उभा राहिला. समोर सगळे ओळखीचे चेहरे होते.

“शेठ म्हणतात ते खरं आहे,” तो म्हणाला. “झऱ्याचं पाणी आपल्याला पुरेल.”

शेठनं समाधानानं मान हलवली. शिष्य तिथंच थांबला. वाक्य संपलं होतं, खाली बसायचं तेवढं राहिलं होतं. तेव्हा भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी, गोष्ट ऐकताना बायका विचारतात तशी सहज म्हणाली, “बरं, अन् पुढं?”

तो शब्द शिष्याच्या काळजात रुतला. त्यानं शेठकडे पाहिलं आणि मग म्हातारीकडे.

“पुढच्याला नाही पुरणार, आजी.”

मग कुजबुज सुरू झाली, ती वाढली, आणि गावानं झरा द्यायचा नाही असं ठरवलं. शेठ आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. गर्दी पांगल्यावर तो शिष्याजवळ आला.

“शाळा तर गेलीच तुझी. उद्यापासून रोपवेवरही पाय ठेवू नकोस. आता तुझं पुढे कसं होणार, याचा काही विचार केलास?”

“त्याचाच केला, शेठ.”

शेठ त्याच्याकडे पाहतच राहिला. त्याला वाटलं होतं, पोरगा गयावया करेल. मग कोटाची बटणं लावत तो गाडीकडे गेला.

धुकं तसंच होतं. शिष्यानं स्की खांद्यावर घेतल्या आणि तो म्हाताऱ्याला म्हणाला, “गुरुजी, शेठनी मला बाजूला घेतलं तेव्हाच तुम्ही काय ते ओळखलं होतं. हो म्हणू नकोस, असं एका शब्दानं का नाही सांगितलंत?”

“तू माझ्या पुढचा ना रे,” म्हातारा म्हणाला. “मागून ओरडलो असतो तर दचकला असतास.”

शिष्याला भरून आलं. उतारावर थांबलेला म्हातारा इतके हिवाळे कोणाकोणाला वाट देत होता, ते त्याला आत्ता उमगलं. तो घराकडे वळला, आणि म्हातारा गुडघे सांभाळत, थोडं अंतर ठेवून त्याच्या मागून चालू लागला.