तीन हजार दारं

रविवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी विश्रामने शेवटी तोंड उघडलं.

"बाबा, खरं लिहिलं तर दोष लागतो का?"

विश्राम याच मठात महादगीर बाबांपाशी पाढे शिकलेला. आता मोठा अर्थशास्त्रज्ञ. नुकतंच मिळालेलं पदक त्याने बाबांच्या पायाशी ठेवलं होतं. बाबांनी पदकाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"काय लिहिलंस?"

"तीन हजार दारं फिरलो. घरच्या बाईलाच विचारलं, पोटभर जेवतेस का? सगळ्या हो म्हणाल्या. मी लिहिलं, भूक सरली. आता सरकार म्हणतंय, अंगणवाडीत लेकुरवाळ्या बायांना दुपारचं ताट मिळतं, ते बंद करू. उद्या माझी सही हवी."

"मग कर की."

"सहीला हात धजत नाही, बाबा..."

बाबांनी ओसरीकडे पाहिलं.

मठाची झाडलोट करणारी शेवंता तिथे केर काढत होती. कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. ते छातीला लागायचं, सोडायचं, पुन्हा रडायचं.

"हिला विचार," बाबा म्हणाले.

विश्रामने सवयीने पेन काढलं.

"ताई, जेवलात का?"

"मघाशीच की, दादा! तुम्ही उन्हाचे आलात, तुम्हीच घ्या दोन घास."

"ऐकलंत बाबा? ही तीन हजार एकावी."

बाबा उठले. पत्रावळ मांडली. तीन भाकरी, वर पिठलं, कांदा.

"बस पोरी."

"अहो बाबा, खरंच झालंय माझं..."

बाबांनी तिच्याकडे पाठ केली. विश्रामच्या खांद्याला धरून त्यालाही भिंतीकडे वळवलं.

दोघं भिंतीकडे बघत बसले. बराच वेळ काहीच ऐकू येईना...

मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग भराभर. मग पाण्याचा मोठा घोट.

केव्हातरी लेकराचं रडं थांबलं.

वळून पाहिलं, तर शेवंता केर भरत होती. लेकरू छातीशी झोपलेलं. पत्रावळीवर पिठल्याचा डागसुद्धा नव्हता.

"आज रविवार," विश्राम हळूच म्हणाला. "अंगणवाडीला कुलूप..."

त्याने पेनाला टोपण लावलं.

"उद्या काय सांगू, बाबा?"

बाबांनी पदक उचलून त्याच्या हातात दिलं.

"पाहिलंस ते सांग. आणि तुझ्यामागून वह्या घेऊन दारोदार निघतील ना, त्या पोरांनाही कळव... आधी वाढा. मग पाठ फिरवा."