दोरखान्यातील मोडलेल्या जोड्या

बाळगोपाळांनो आणि वडीलधाऱ्यांनो, ज्या काळाची गणना आज कोणापाशीच उरलेली नाही, अशा फार पूर्वीच्या काळी एका रुंद नदीच्या काठी एक राज्य होते. तेथील होड्या, विहिरी आणि हत्तीखाने यांना लागणारे दोर राजाच्या दोरखान्यात वळले जात. डोंगरातील, पठारावरील, नदीकाठची अशी निरनिराळ्या मुलखांतील माणसे तेथे कामाला होती.

दोर वळण्याचे काम जोडीने चाले. एक जण चाक फिरवी. दुसरा कमरेला अंबाडीच्या तंतूंचा वाख गुंडाळून, चाकाकडे तोंड करून, पावला-पावलाने मागे जाई आणि बोटांतून दोर सोडीत राही. आपल्या पाठीमागे काय आहे, हे त्याला दिसत नसे. ते चाकवाल्याला दिसे, आणि तोच हाक देऊन त्याला सावध करी. मान वळली की हात हलतो आणि पीळ बिघडतो. म्हणून मागे वळून पाहायचे नाही, असा तेथील नियम होता. जोड्या नेहमी दोन भिन्न मुलखांतील माणसांच्या लावीत. हे कोणी ठरविले आणि का, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

अशीच एक जोडी भिवा आणि जानू यांची होती. भिवा डोंगरातला, जानू समुद्रावरचा. जानूच्या मुलखातील दुसरा कोणीही तेथे नव्हता. त्याचे घरदार एका वादळात समुद्राने नेले होते. आता दोरखाना हेच त्याचे घर होते.

"उजवीकडे सरक, डोंगरातल्या रेड्या! मागे खांब आहे," जानू ओरडे.

"खांबालाच बाजूला व्हायला सांग. तुझ्या सुक्या मासळीच्या वासाने माझे डोके आधीच फिरले आहे."

"आणि तुझी ती नाचणीची भाकरी? नांगराऐवजी पाण्यात सोडली, तर गलबत जागचे हलणार नाही!"

"मग काल अर्धी मागून का घेतलीस?"

"दातांना धार लावायला!"

असे हसत-चिडवीत त्यांचा दिवस सरे.

पुढे तेथे नवा कारभारी आला. तो दुष्ट नव्हता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. राजाने त्याला एवढेच बजावले होते, "माझे कामकरी समाधानी असले पाहिजेत." दुपारच्या जेवणाच्या वेळची थट्टा आणि निरनिराळ्या बोलींचा गलबला कारभाऱ्याने ऐकला, आणि त्याला ते भांडण वाटले. त्याने हुकूम काढला: यापुढे डोंगरातल्याने डोंगरातल्याशी व पठारावरच्याने पठारावरच्याशी जोडी करावी, जेवणही आपापल्यांतच घ्यावे, कोणी दुसऱ्याच्या रांगेत जाऊ नये.

जानूला आपले असे कोणीच नव्हते. त्याला दूरच्या टोकाला, अंबाडी भिजविण्याच्या हौदावर एकट्याला नेमले गेले.

दोरखाना शांत झाला. कारभाऱ्याने राजाला कळविले, "आता कोणाचीही तक्रार नाही." आणि ते खरेच होते.

भिवाची नवी जोडी त्याच्याच गावच्या रखमाजीशी लागली. दोघांच्या घराण्यांत शेताच्या बांधावरून जुने वैर होते. गाव सोडल्यावर ते निदान डोळ्यांआड झाले होते. आता ते दिवसभर समोरासमोर उभे राहिले.

अखेर भिवा जानूला घेऊन कारभाऱ्याकडे गेला. "कारभारी, आमची जोडी आम्हांला परत द्या."

"हौदावर तुला कोणी त्रास देतो का?" कारभाऱ्याने जानूला विचारले.

"नाही, कारभारी. त्रास कोणी देत नाही. हाकही कोणी मारीत नाही."

"मग झाले तर! एकासाठी सर्वांची घडी मोडता येणार नाही. जा."

जानूने आणखी काही दिवस काढले. मग एका सकाळी हौदावर कोणी नव्हते. आपली पासोडी खांद्यावर टाकून तो बंदराच्या वाटेने निघून गेला होता. भिवाचा निरोप घ्यायचा, तर दुसऱ्याच्या रांगेत जावे लागले असते.

त्याच दिवशी भिवा मागे सरत असता वाटेत एक धोंडा पडलेला होता. रखमाजीला तो दिसला. हाक द्यावी की न द्यावी, एवढ्या विचारापुरताच तो थांबला. हाक आली तेव्हा भिवा कोसळला होता. त्याच्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर तो कधीही सरळ चालला नाही.

कारभारी त्याच्या अंथरुणापाशी येऊन बसला. "माझे चुकले, भिवा. जोड्या मी पूर्वीसारख्या लावतो. जानूला आणायला बंदरावर माणूसही पाठविला होता."

"सापडला?"

"गलबत सुटले होते. ते कोठे गेले, हे कोणालाही सांगता आले नाही."

भिवाने भिंतीकडे तोंड फिरविले.

जोड्या पुन्हा लागल्या खऱ्या. परंतु मधल्या अबोल्याने माणसे एकमेकांस परकी झाली होती, आणि भिवाचे पडणे सर्वांनी पाहिले होते. आता मागे जाणारा प्रत्येक जण पावलागणिक मान वळवून पाहू लागला. पीळ सैल पडू लागला. नावाड्यांनी ते दोर घेणे सोडले. कामकरी एकामागून एक निघून गेले, आणि त्यांना थांबा म्हणण्याचे धैर्य कारभाऱ्याला झाले नाही. शेवटी राजाने दोरखाना बंद केला.

तात्पर्य: तक्रार नसणे म्हणजे समाधान नव्हे, भिन्न मुलखांची माणसे जेथे एकमेकांना मोकळ्या मनाने हाक मारू शकतात, तेथेच काम करणाऱ्याला समाधान लाभते.