हसाजीची पायरी

डोक्यावर रुमाल घ्या, मंडळी, आणि इथंच थांबा. खारशेतच्या या सिनेगॉगमध्ये घाईनं आत शिरायचं नसतं. ही दाराबाहेरची पायरी बघा, मधोमध कशी झिजलीय! पायांनी नव्हे हो, लोक बसून बसून.

फार जुनी गोष्ट. बेने इस्रायलांचं, म्हणजे आमच्या ज्यू पूर्वजांचं, जहाज कोकणात फुटलं, पोथ्या दर्यात गेल्या, असं सांगतात. लक्षात राहिला तो 'शेमा', म्हणजे देव एकच आहे ही प्रार्थना, आणि शनिवार पाळणं. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवार लागला. मग विस्तवाला हात नाही. इथं तेव्हा झावळ्यांचं प्रार्थनाघर होतं, शेजारी हसाजी तेल्याचा घाणा. त्याच्यासारखा कडक शनिवार कुणी पाळत नसे म्हणे. त्या दिवशी बैलावरसुद्धा ओरडायचा नाही!

एका शुक्रवारी दिवेलागणीनंतर वादळ सुटलं आणि प्रार्थनाघराचा दिवा विझला. त्याच दिव्याच्या रोखानं कोळ्यांच्या होड्या खडकांतून वाट काढत. चांगुणा कोळीण पेटतं कोलीत घेऊन धावत आली.

"हसाजीबाबा, माजा घो दर्यान हाय! वाऱ्यान दिवा टिकत नाय!"

हसाजीनं घाण्याच्या खोपीकडे पाहिलं. आत वर्षाचं तेल होतं, पेंड होती. त्यानं कोलीत तिच्या हातातून घेतलं.

"माझा घाणा, माझं पाप. तू बाजूला हो, पोरी."

खोप भडकली. सगळ्या होड्या सुखरूप किनाऱ्याला लागल्या.

सकाळी लोक प्रार्थनेला आले, तर हसाजी पायरीवर बसलेला. "शनिवार मोडला मी. कुठल्या तोंडानं आत येऊ?" सगळ्यांनी विनवलं, पण तेलीबुवा हट्टी! केस पिकले तरी तो तिथंच बसायचा. शेमा ऐकायचा, स्वतः म्हणायचा नाही.

पुढं दूरदेशीचा एक जाणता धर्मगुरू गलबतानं आला. चांगुणानंच त्याला सगळं सांगितलं. तो थेट हसाजीपाशी गेला.

"बाबा, जीव वाचवायला शनिवार मोडावाच लागतो. आपला धर्मच तसं सांगतो."

हसाजी ढसाढसा रडला. उठायला गेला, पण गुडघे साथ देईनात. तेव्हा गुरूच त्याच्या शेजारी बसला, म्हणाला, "मग इथूनच सुरू करा. पहिला आवाज तुमचा." इतक्या वर्षांनी हसाजीनं शेमा म्हटला. मग लोकांनी त्याला उचलून आत नेलं.

आजही शुक्रवारी आम्ही आधी या पायरीवर टेकतो, शेमाची पहिली ओळ इथंच म्हणतो, मग आत जातो. दिव्याचं तेल आजही कोळीवाड्यातून येतं. तेल आणणारी बाईसुद्धा इथं घटकाभर बसते.

बसा, मंडळी. सगळ्यांना जागा आहे.