हलव्याला काटा येईपर्यंत

एका गावात एक थकलेली आई होती. तशी गावातली प्रत्येकच आई थोडीफार थकलेली असे, पण ही हिवाळ्यात जास्त थकायची. आणि गंमत अशी, की हिवाळ्याची वाटही सगळ्यांत जास्त तीच पाहायची.

त्या गावात पावसाळ्यात ओढा भरून वाहायचा आणि शाळेची वाट बंद व्हायची. उन्हाळ्यात विहिरी आटायच्या. मग मुलंसुद्धा कळशा घेऊन पाण्यासाठी उभी राहायची. उरायचे ते थंडीचे दोन-अडीच महिने. हवा कोरडी, भूक चांगली, अंगात उत्साह. गावातल्या बायका म्हणायच्या, "थंडीत केलेलं अंगी लागतं." त्या म्हणायच्या डिंकाच्या लाडवांबद्दल. या आईने मात्र ते सगळ्यालाच लावलं.

तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. आपल्या मुलांचं तसं होऊ नये, एवढंच तिच्या मनात असे. मोठी कुंदा सातवीत होती आणि धाकटा सदू तिसरीत. थंडी पडली की दोघांचा दिवस अंधारातच सुरू व्हायचा. आधी अंगणात सूर्यनमस्कार, मग टेकडीपर्यंत पळून येणं, मग पाठांतर. त्यानंतर शाळा. शाळा सुटली की कुंदाला लेझीम, मग बुवांकडे पेटी. सदूला तबला. घरी आल्यावर चित्रकला. रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी सगळंच दोनदा.

"आई," एकदा सदू डोळे न उघडताच म्हणाला, "सूर्यच अजून उठला नाही, तर नमस्कार कुणाला घालायचा?"

"तो उठेपर्यंत तुझे बारा घालून होतील. चल, ऊठ!"

 कुंदा मुकाट्याने वेणी घालायची. कधीकधी अर्धी वेणी घालून तशीच बसून राहायची, आणि आई हाक मारायची तेव्हा दचकायची.

मुलांचे वडील गावच्या तेलघाण्यावर कामाला होते. अंगाला तिळाच्या तेलाचा वास घेऊनच ते घरी यायचे. एका संध्याकाळी जेवता जेवता सदूची मान ताटात गेलेली पाहून ते म्हणाले, "अगं, घाण्याच्या बैलालासुद्धा दुपारी सोडतात."

"बैलाला कुठे स्पर्धा असतात?" आई म्हणाली. "आणि मी काय माझ्यासाठी करते का? मलाही उठावंच लागतं ना त्यांच्याआधी?"

ते खरंच होतं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. वडिलांनी सदूची मान हळूच उचलून आपल्या मांडीवर घेतली.

एक दिवस गुरुजींचा निरोप आला, की सदू गणिताच्या तासाला झोपतो. आईने विचार केला आणि त्याच्या डब्यात आणखी एक डिंकाचा लाडू ठेवला. त्यानंतर सदू तासाला झोपायचा तो पोटभर खाऊन.

त्यात शेजारीण होतीच. ती कुंपणापाशी उभी राहून विचारायची, "काय गं, सदूचा तबला कुठवर आला? आमचा मुलगा बाई आता पाटावर वाजवतो, ताटावर वाजवतो. ऐकवतच नाही कधीकधी, इतका वाजवतो!"

शेजारणीला ते कौतुकाने सांगायचं असे की वैतागाने, कुणास ठाऊक. आईला मात्र ते टोचायचं, आणि त्या संध्याकाळी सदूचा रियाज वाढायचा.

अशात मुलांच्या आत्याचा निरोप आला. आत्याला सहा महिन्यांचं बाळ होतं. बाळाची पहिली संक्रांत, म्हणून त्याचं बोरन्हाण माहेरी करायचं ठरलं होतं. आत्याच्या सासूबाई बरोबर येणार होत्या आणि संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी आत्याला आणि बाळाला घेऊन परत जाणार होत्या. बाळाला घालायचे हलव्याचे दागिने वहिनीनेच करावेत, असं आत्याने कळवलं होतं. 'तुझ्या हाताच्या हलव्याचं मी सासरी फार कौतुक करून ठेवलंय,' असंही तिने सांगून पाठवलं होतं.

या आईचा हात हलव्याला खरोखरच चांगला होता. ती कामाला बसली. वडिलांनी घाण्यावरून निवडक पांढरे तीळ आणले. तिने कल्हईची परात मंद निखाऱ्यांवर ठेवली, तिळांवर चमचाभर पाक सोडला आणि बोटांनी हळूहळू फिरवायला लागली. हलव्याचं काम असंच असतं. एक चमचा पाक घालायचा आणि तो तिळांवर वाळेपर्यंत फिरवत राहायचं. मग दुसरा चमचा. बोटं भाजतात, कंबर धरते, पण उठता येत नाही. संध्याकाळी परात झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे पाच-सहा दिवस गेले, की थंड हवेत एकेका तिळावर बारीक पांढरे काटे फुटू लागतात.

कुंदा आणि सदू दप्तरं टाकून परातीजवळ येऊन बसले. निखाऱ्यांची ऊब होती. सदूने आईच्या मांडीला पाठ टेकली.

"बसलात काय?" आई म्हणाली. "बुवा वाट बघत असतील. थंडी काय पुन्हा पुन्हा येते?"

दोघं उठून गेली. सदू दारापर्यंत मागे वळून वळून बघत गेला.

पण एका माणसाला एवढं सगळं कसं जमावं? मुलांना इकडे पोचवायचं, तिकडून आणायचं, त्यांचं पाठांतर ऐकायचं आणि मधल्या वेळात हलवा. तिळाला काटा येईना. संक्रांत चार दिवसांवर आली, तरी परातीत नुसते गुळगुळीत दाणे. त्या दिवशी संध्याकाळी कुंदा लेझमीहून आली तेव्हा आई सदूला घेऊन निघाली होती.

"कुंदे, तू बस गं जरा परातीपाशी. हात थांबवायचा नाही. पाक वाळला की दुसरा चमचा, एवढंच बघ."

"बसते," कुंदा म्हणाली. तिला खरं तर आनंदच झाला. पेटी चुकणार होती.

आई परत आली ती जळक्या साखरेच्या वासाने धावतच. परातीत पाकाची वाटी आडवी झाली होती. तीळ, साखर सगळं एक होऊन तळाशी तपकिरी ढेप बसली होती. कडेला कुंदा भिंतीला डोकं टेकून झोपली होती. बाळाचा मुकुट, बासरी, हार, सगळं त्या परातीत जळालं होतं.

"कार्टे!" म्हणत आईने हात उगारला.

पण तिचा हात वरच्या वर थांबला. कुंदाची बोटं अजून हलत होती. परातीच्या काठावर, रिकाम्या जागी, ती झोपेतच गोल गोल फिरत होती. बोटांची टोकं लाल झाली होती. ओढणीचं टोक निखाऱ्यापासून वीतभरच लांब होतं.

आईने आधी ओढणी ओढून घेतली. मग ती खालीच बसली.  सदू दारात उभा राहून हळूच म्हणाला, "आई, तिला मारू नकोस. ती शाळेतपण अशीच करते. लिहिता लिहिता झोपते आणि तिचा हात चालूच असतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लाडू दिला असतास," सदू म्हणाला.

कुंदा जागी झाली आणि परात बघून रडायलाच लागली. "आई, आत्याची सासू आता तिला बोलेल का गं?" आईने तिची बोटं गार पाण्यात धरली. त्यांच्यावर तूप लावलं. रागाचा एक शब्दही तिच्या तोंडून आला नाही, आणि त्यामुळे कुंदाला आणखीच रडू आलं.

वडील आले तेव्हा सगळं ऐकून म्हणाले, "आता कसला होतोय हलवा? तालुक्याला जाऊन तयार दागिने आणू. मुलांची पाठांतराची स्पर्धाही परवाच आहे ना?"

आईने परातीकडे पाहिलं, मग मुलांकडे. एकाच वेळी सगळं धरून ठेवता येणार नाही, हे तिला आता दिसत होतं. बाजारचा हलवा आणला असता तर उद्यापासून पुन्हा टेकडी, पुन्हा पेटी, पुन्हा तबला. कुणाला काही कळलंही नसतं.

"स्पर्धा राहू दे," ती म्हणाली. "कुंदे, या सगळ्यातलं तुला एकच ठेवायचं असलं तर काय ठेवशील?"

कुंदाने डोळे पुसले. "लेझीम," ती लगेच म्हणाली.

"आणि तुला रे?"

सदूने फार विचार केला. "काहीच नाही ठेवलं तर चालेल?"

वडिलांना हसू आलं. आईला आलं नाही, पण ती म्हणाली, "चालेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने कुणाला उठवलं नाही. तीही उठली नाही. उठायची सवय होती म्हणून जाग आली खरी, पण ती तशीच पडून मुलांचे श्वास ऐकत राहिली. उन्हं अंगणात आल्यावर शेजारीण कुंपणाशी आली.

"अगंबाई, आज टेकडी नाही? बरं नाही का कुणाला?"

"सगळे बरे आहेत. झोपलेत."

"झोपलेत!" शेजारणीने तोंडाला पदर लावला. "थंडी वाया चालली हो तुमची."

 आईला वाटलं, धावत जाऊन मुलांच्या अंगावरची पांघरुणं ओढावीत. पण तिला ती हलणारी बोटं आठवली, आणि ती परात घासायला बसली. जळकी साखर निघता निघत नव्हती.

त्या तीन दिवसांत शाळा झाली की मुलं घरी यायची. कुंदा लेझीम खेळून यायची आणि भुकेने ओरडत यायची, हे आईला नवीनच होतं. मग सगळी परातीभोवती बसायची. आई पाक घालायची, मुलं आळीपाळीने हात फिरवायची. वडील घाण्यावरून आले की हातपाय धुऊन तेही बसायचे.  सगळेच थकलेले होते. पण सदू मधूनच घाण्याच्या बैलाची नक्कल करायचा, आणि कुंदा एकदा इतकी हसली की तिच्या हातचा चमचा पडला. थांबून थांबून आईने तिला विचारलं, "पेटी आवडायची नाही का गं?"

"आवडायची," कुंदा म्हणाली. "पण तिथे पोचेपर्यंत मी संपलेली असायचे."

 आईने नुसता पाक सोडला, तोही अर्धा चमचा.

तीन दिवसांत हलवा तो किती होणार? संक्रांतीच्या सकाळी काटा आला, पण मोजक्याच दाण्यांना. मुकुट झाला नाही, बासरी झाली नाही, हारही नाही. काळ्या दोऱ्यात ओवून झाली ती बाळाच्या मनगटाला दोन कडी.

दुपारी आत्या आली. बाळाला काळं झबलं घालून पाटावर बसवलं. आळीतली पोरं भोवती जमली. आत्याच्या सासूबाईंनी तबकात पाहिलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मुकुट नाही?"

आत्याचा चेहरा उतरला. आई म्हणाली, "नाही विहीणबाई. नीट करायला जेवढा वेळ होता, तेवढ्यात एवढंच झालं."

सासूबाईंनी एक कडं उचललं, उजेडात धरलं, बोटाने चाचपून पाहिलं. "काटा मात्र चांगला आलाय हो," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच ते बाळाच्या हातात घातलं.

मग बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि उसाचे करवे ओतले. पोरं तुटून पडली. बाळाने तेवढ्यात कडं तोंडात घातलं, ते टोचलं म्हणून तोंड वाकडं केलं आणि गोड लागलं म्हणून पुन्हा घातलं. सगळी हसली.

बोरांनी ओटी भरलेल्या सदूला आत्याने जवळ ओढलं. "माझ्या राजा, वहिनी मागच्या वर्षी किती काय काय सांगत होती! यंदाच्या थंडीत तू काय काय केलंस?"

शेजारीणही तिथेच होती. आईने तिच्याकडे चोरून पाहिलं.

सदू मोठ्या अभिमानाने म्हणाला, "बसलो!"

"बसलास?" सासूबाई म्हणाल्या. "आणखी?"

"आणि आईपण बसली," सदू म्हणाला.

 शेजारणीचा मुलगा बोरं वेचता वेचता थांबला आणि स्वतःच्या आईकडे बघत राहिला. सदूच्या आईने पदराने तोंड पुसलं आणि ती बाळाच्या पाटाभोवतीचे चुरमुरे गोळा करायला लागली, तर आत्याने तिचा हात धरून म्हटलं, "राहू दे गं वहिनी, मग करू."

आणि तिने ते राहू दिले.

तात्पर्य: मुलांचा दिवस भरायला घेताना त्यात त्यांच्या झोपेची आणि आपल्या सोबतीची जागा आधी राखावी; उरलेल्या वेळात जेवढं नीट होईल, तेवढंच त्यांच्या अंगी लागतं.