ओळखदाराची सही

हरबाजी कृष्णाजी दळवी, वय वर्षे एकाहत्तर, हे खाडीकाठच्या एका पेठेत राहत असत. त्या पेठेत जमिनींचे दस्त नोंदवणारी एक कचेरी होती आणि कचेरीसमोर एक चिंच होती. चिंचेखाली हरबाजींची बैठक असे. तारुण्यात त्यांनी खाडीवर होडी चालवली होती आणि काठावरच्या बावीस गावांतील माणसे पैलतीरी पोहोचवली होती. त्यामुळे, दस्त करून देणारी व्यक्ती खरोखर तीच आहे असे सहीनिशी सांगणारा ओळखदार हवा असला, की लोक त्यांच्याकडे येत. या कामाचा मोबदला ते कधी घेत नसत. "हरबाजींनी ओळखले म्हणजे ओळखले," हे वाक्य मात्र त्यांना दररोज ऐकायला आवडे.

पुढे वयोमानाने चेहरे पुसट होऊ लागले. तरीही 'मला आठवत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

एके दिवशी एक दलाल, डोक्यावरून पदर ओढलेल्या एका बाईला घेऊन आला.

"तात्या, ओळखलंत ना? बेलवाडीच्या गोमाजी शेलाराची विधवा, तानुबाई. तुमच्याच होडीतनं हिची वरात आली होती!"

हरबाजींनी बाईकडे निरखून पाहिले. काहीच आठवेना. तेवढ्यात दलाल भोवतालच्या लोकांना म्हणाला, "तात्यांना काय विचारायचं! तात्या विसरले, तर खाडी आटली म्हणायची."

लोक हसले. हरबाजींनी ताठ बसून म्हटले, "ओळखलं तर! गोमाजीची बायको." आणि त्यांनी आपली वळणदार सही केली.

बाईचा अंगठा कागदावर उमटला, तो नुसता शाईचा डाग. कारकून पुन्हा ठसा घेणार होता. परंतु शेजारी हरबाजींची सही दिसताच त्याने दस्त पुढे सरकवला. गोमाजीची नारळ-सुपारीची वाडी दलालाच्या मेव्हण्याच्या नावे झाली.

दोन महिन्यांनी एक निराळीच बाई कचेरीत आली. लेकीचे बाळंतपण उरकून ती घरी परतली होती आणि वाडीच्या फाटकाला तिला परके कुलूप दिसले होते.

"मी तानुबाई. माझी वाडी मी कुणाला विकली, ते निदान मला तरी कळू द्या!"

नोंदणी अधिकाऱ्यांनी दस्त काढून पाहिला. "बाई, झालेली नोंद पुसण्याचा अधिकार मला नाही, तो न्यायालयाला आहे. मात्र तोतया उभा करणे हा गुन्हा आहे, आणि जाणूनबुजून खोटी ओळख देणे हाही. फिर्याद मी स्वतः देतो."

दलाल डगमगला नाही. "वाडी हिनंच विकली. आता हाव सुटली म्हणून उलटलीय," असे तो सर्वांना सांगू लागला. ठशावरून काहीच ठरेना. कारकुनाने पदराआडचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता; त्या दिवशी कोणती बाई आली होती, हे आता एकटे हरबाजीच सांगू शकत होते.

दलालाने त्यांना चिंचेखाली गाठले. "तात्या, 'हीच ती बाई' एवढं म्हणा, विषय संपला. नाहीतर खोटी ओळख दिली म्हणून तुम्हीच आत जाल. या वयात!"

तो जाताच तानुबाई आली. तिने ना आक्रोश केला, ना शिव्या दिल्या.

"तात्या, माझी वरात होडीनं आलीच नव्हती. बैलगाडीनं आले मी. पाण्याचं मला भ्या वाटतं, आजवर होडीत पाय ठेवला नाही. मग मला तुम्ही कुठं पाहिलंत, एवढंच सांगा."

हरबाजी चिंचेखालून उठले आणि काठी टेकत घरी गेले.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारले, "आपण ओळखलेली बाई हीच काय?"

दलाल खाकरला. हरबाजी काठी बाजूला ठेवून उभे राहिले.

"नाही, ती दुसरी होती. आणि साहेब, मी तिलाही ओळखत नव्हतो. 'मला आठवत नाही' असं म्हणायला हवं होतं, ते चारचौघांत माझ्यानं म्हणवलं नाही."

या साक्षीनंतर तपासाला दिशा मिळाली. तोतया बाई सापडली, तिने कबुली दिली. न्यायालयाने दस्त रद्द ठरवला; दलालाला आणि तिला तुरुंगवास झाला. हरबाजींना न्यायाधीश म्हणाले, "आपण खरे बोललात म्हणून शिक्षा सौम्य आहे, परंतु शिक्षा आहे." न्यायालय उठेपर्यंत कैद, आणि तीन वर्षे ओळखदार होण्यास मनाई.

हरबाजी दिवसभर बाकावर मान खाली घालून बसले. दुपारी तानुबाईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

"घ्या तात्या. आणि आता तरी चेहरा नीट बघून ठेवा!"

तीन वर्षांनी तीच तानुबाई चिंचेखाली येऊन उभी राहिली. तिला अर्धी वाडी लेकीच्या नावे बक्षीस द्यायची होती.

"नाव?" हरबाजींनी विचारले.

"अगंबाई! मला नाव विचारता?"

"विचारतो. सगळ्यांनाच विचारतो." त्यांनी तिच्याकडे सावकाश पाहिले. "ओळखलं. तुमच्या हातचं पाणी प्यालोय." मग त्यांनी सही केली.

त्या खटल्यापासून कचेरीत माखलेला ठसा, कोणाचीही सही शेजारी असली तरी, चालत नाही. ओळखदाराला आधी एकट्याला बसवून विचारतात, "या व्यक्तीला तुम्ही प्रथम कोठे पाहिले?" मनाई उठल्यावर पहिल्याच वर्षी हरबाजींनी अकरा जणांना 'मला आठवत नाही' असे सांगून परत पाठवले, तरीही त्यांच्याकडे येणारी माणसे कमी झाली नाहीत.

तात्पर्य एवढेच, की कायदा तोतयाला शोधून काढतो, परंतु कायद्यालाही आपल्या सहीचा आधार लागतो. म्हणून जे ठाऊक नाही, त्याखाली मोठेपणासाठी सही करू नये, आणि केलीच असेल, तर ती चूक आपल्या तोंडाने सांगावी.