याईर सुतार आणि सात युगं

एका गावात एक भोळा सुतार होता. गाव प्रवरेच्या काठचं, सुताराचं नाव याईर. गावातल्या ख्रिस्ती आळीत त्याच्याइतका सरळ रंधा मारणारा दुसरा कारागीर नव्हता, आणि त्याच्याइतकं सरळ डोकंही दुसऱ्या कुणाला नव्हतं. त्याला जे सांगावं ते तो करी. कमी नाही, जास्त नाही.

याईर रोज सकाळी बायबल वाचायचा. वाचण्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण याईर वाचलेलं करायचा, आणि तिथे घोळ व्हायचा. एका वैशाखात त्याने नोहाची गोष्ट वाचली, महापुराआधी देवाने ज्याला तारू म्हणजे मोठं जहाज बांधायला सांगितलं त्याची. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात बाभळीचे ओंडके येऊन पडले. त्याची आई टबीथाबाई हिने विचारलं, हे कशाला. तो म्हणाला, तारू बांधायचंय, तीनशे हात लांब. आळीच मुळात दोनशे हात लांब होती, आणि नदीत घोटा बुडेल एवढंही पाणी नव्हतं.

ही बातमी दावीद मास्तरांच्या कानावर गेली. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यांची मुलगी शलोमी हिचं याईरशी ठरलेलं. शलोमी अंगणवाडीत शिकवायची आणि चर्चमध्ये गायची. एका नाताळात तिचं गाणं झाल्यावर सगळ्यांनी वाहवा केली. याईर एकटाच म्हणाला, दुसऱ्या कडव्यात सूर गेला. सूर गेलाच होता. त्या दिवसापासून शलोमीने ठरवलं की लग्न करायचं तर याच्याशीच. खोटं बोलणारे तिला पुष्कळ भेटले होते. याईरचाही तिच्यावर फार जीव होता. ते तिला सांगायला मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तर ओंडक्यांपाशी आले आणि कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, उन्हाळ्यात तारू बांधणाऱ्याच्या घरात मी पोरगी देणार नाही. आधी माझ्या बुधवारच्या वर्गाला बस. सात युगं नीट समजली की लग्न.

मास्तरांचा वर्ग सगळ्या तालुक्यात माहीत होता. त्यांच्याकडे मांजरपाटाचा एक लांबलचक तक्ता होता. त्यावर तैलरंगाने सात वर्तुळं काढलेली. निर्दोषपणाचं युग, विवेकाचं, मानवी सत्तेचं, अभिवचनाचं, नियमशास्त्राचं, कृपेचं आणि शेवटी राज्याचं. देव तोच, पण प्रत्येक युगात त्याने घर वेगळ्या रीतीने चालवलं, असं मास्तर सांगायचे. आई तान्ह्याला दूध देते आणि थोरल्याला भाकरी. म्हणून थोरल्याने दूध मागत बसू नये. बायबलचं प्रत्येक वाक्य ज्याच्या त्याच्या वर्तुळात ठेवलं की गोंधळ होत नाही. मास्तरांचा तरी कधी झाला नव्हता.

पहिल्या बुधवारी ते याईरला म्हणाले, "कोणतंही वाक्य वाचलंस की आधी विचार, हे कोणाला सांगितलंय? तारू बांधायला नोहाला सांगितलं. तुला नाही. जे तुला सांगितलं नाही ते करायचं नाही."

याईरने मान डोलावली. त्याला पटलं. त्याला एखादी गोष्ट पटली की आळीला धोका असायचा.

दुसऱ्या दिवशी टबीथाबाई मागच्या अंगणात धुणं बडवत होती. चुलीवर दूध होतं. चुलीसमोर याईर बसला होता. बाई तिथूनच ओरडली की अरे, कुणीतरी दूध बघा. याईरने विचार केला, हे कोणाला सांगितलंय? कुणीतरीला. आपलं नाव याईर. तो कुणीतरीची वाट बघत बसला. कुणीतरी काही आला नाही. दूध उतू गेलं, चूल विझली, आणि टबीथाबाई ओल्या हातानेच मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मास्तर, तारू परवडलं," ती म्हणाली. "निदान हालचाल तरी करत व्हता."

मास्तरांनी पुढच्या बुधवारी धडा दुरुस्त केला. ते म्हणाले, बाबा रे, सगळं तुला उद्देशून सांगितलेलं नाही हे खरं. पण सगळं तुझ्या भल्यासाठी लिहिलेलं आहे. ते दुसऱ्याला सांगितलेलं असलं तरी त्यातून आपण आपला लाभ घ्यायचा.

याईरने मान डोलावली. म्हणाला, आधीच सांगायचं होतंत.

त्याच आठवड्यात शेजारच्या राहेलमावशीने त्याला तालुक्याहून औषध आणायला सांगितलं. मावशीला पोटाची तक्रार होती. चार दिवस कोठा हलला नव्हता. औषधवाल्याने बाटलीवर मावशीचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, रोज दोन चमचे. एस. टी.त बसल्या बसल्या याईरने ते वाचलं. हे कोणाला सांगितलंय? राहेलमावशीला. लिहिलंय कशासाठी? आपल्या भल्यासाठी. त्याच्याजवळ चमचा नव्हता. म्हणून त्याने अंदाजाने लाभ घेतला.

अर्ध्या वाटेत त्याने एस. टी. थांबवली. पुढे मैलामैलावर थांबवली. शेवटी कंडक्टरने त्याला एका ज्वारीच्या शेताशी उतरवलं आणि डबल बेल दिली. याईर तिसऱ्या दिवशी घरी पोचला, तेव्हा त्याच्या हातात रिकामी बाटली होती. मावशीची तक्रार होती तशीच होती, आता ती मास्तरांकडे गेली एवढंच.

मास्तर शिकलेले गृहस्थ. आपलं काही चुकलं असेल अशी शंका त्यांना आली नाही. त्यांना वाटलं, धडा अपुरा पडतोय. पुढच्या बुधवारी ते म्हणाले की कोणाला सांगितलं आणि कशासाठी सांगितलं एवढं पुरत नाही. केव्हा सांगितलं तेही बघायचं. एका युगात यज्ञाला बोकड लागायचे. ते युग सरलं, तो हुकूमही सरला. युग बदललं की जुना हुकूम आपल्यावर चालत नाही.

"युग बदललं हे कळायचं कसं?" याईरने विचारलं.

"कारभार पाहणारा बदलला की समजायचं, युग बदललं," मास्तर म्हणाले.

याईरने मान डोलावली. एव्हाना चर्चमध्ये दोन रविवार त्याचं आणि शलोमीचं नाव वाचून झालं होतं. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत नावं वाचतात. कुणाला लग्नाविरुद्ध काही सांगायचं असेल तर सांगावं म्हणून. दोन्ही रविवारी सगळी आळी मास्तरांकडे बघत होती आणि मास्तर छताकडे बघत होते.

लग्नाची कापडं आणायला टबीथाबाई बहिणीकडे राहुरीला निघाली. जाताना याईरला बजावून गेली की शेळ्या बांधून ठेव, मोकळ्या सोडू नको, आणि त्यांना वेळेवर पाला घाल. याईरने बरं म्हटलं. बस वळणाआड दिसेनाशी झाली. मग तो विचार करायला लागला. कोणाला सांगितलं? मला. कशासाठी? भल्यासाठी. केव्हा सांगितलं? आई असताना. आता कारभार कोण पाहतो? आई तर नाही. म्हणजे युग बदललं. त्याने शेळ्या सोडल्या. पाल्याचा हुकूमही सरलाच होता, त्यामुळे त्या उपाशी सुटल्या.

त्याच सकाळी शलोमीने वडिलांचा तक्ता धुऊन चर्चच्या कुंपणावर वाळत घातला होता. मास्तर पोचेपर्यंत पाटीने, म्हणजे याईरच्या थोरल्या शेळीने, राज्याचं युग पूर्ण खाल्लं होतं आणि ती कृपेच्या युगात अर्ध्यापर्यंत आली होती. मास्तरांनी तक्त्याचं एक टोक धरलं, पाटीने दुसरं. कृपा तिथेच फाटली.

तीस वर्षं तो तक्ता त्यांनी खांद्यावरून गावोगाव नेला होता. ते पायरीवर बसले आणि खरोखर रडले. मग डोळे पुसून म्हणाले, हे लग्न होणार नाही.

शलोमी शांतपणे म्हणाली, "आबा, ते तुम्ही शिकवलं तेच करतात. दुसरा कुणी विद्यार्थी असं करतो का, सांगा."

मास्तरांनी बाकीचे विद्यार्थी आठवून पाहिले. ते सगळे माना डोलवायचे आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करायचे. मास्तरांनी लग्न मोडायचं तूर्त थांबवलं. पण याईरला बोलावून त्यांनी शेवटचं सांगितलं की आता एक जरी चूक झाली तरी लग्न मोडलं. आळीसमोर शपथ घेऊन सांगतो.

याईर घाबरला. त्याला रात्री जेवण गेलं नाही. शलोमीशिवाय आपलं काय होईल हे त्याला कुणी न सांगताच कळलं, आणि अशी गोष्ट त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती.

उरलेल्या बुधवारी तक्त्यावर पाचच वर्तुळं शिल्लक होती. मग मास्तरांनी मागे जाऊन अभिवचनाचं युग पुन्हा घेतलं. ते म्हणाले, युग सरलं की सगळंच सरतं असं नाही. देवाने अब्राहामाला अभिवचन दिलं ते कायमचं. चारशे वर्षांनी नियमशास्त्र आलं, तरी त्याने ते रद्द झालं नाही. जे एकदा कायमचं म्हणून सांगितलं, ते नंतर आलेल्या कोणत्याही शब्दाने मोडत नाही.

याईरने हे चार वेळा म्हणून पाठ केलं. आता चूक करायची नव्हती.

लग्नाचा दिवस आला. चर्च भरलं. मागच्या अंगणात मटणाची डेग चढली होती. याईर नव्या कोटात वेदीपुढे उभा राहिला आणि शेजारी पांढऱ्या जाळीआड शलोमी. पाळकसाहेब वाचायला लागले. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नव्याने आलेले, नियमाला पक्के.

"इथे जमलेल्या सर्वांना मी विचारतो," त्यांनी वाचलं. "या विवाहाला ज्या कोणाची हरकत असेल त्याने ती आत्ता सांगावी. नाही तर यापुढे कायमचं गप्प राहावं."

याईरने मनातल्या मनात धडे लावून पाहिले. कोणाला सांगितलं? इथे जमलेल्या सर्वांना. मी इथेच आहे. कशासाठी? माझ्याच लग्नासाठी. केव्हा? आत्ता. आणि कुठवर? कायमचं. चारही धडे बरोब्बर बसले. याआधी असे कधी बसले नव्हते. त्याची हरकत तर काहीच नव्हती. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

पाळकसाहेबांनी विचारलं, याईर, तू शलोमीला आपली पत्नी म्हणून स्वीकारतोस काय?

याईर गप्प. पाळकसाहेबांना वाटलं, लाजला. त्यांनी पुन्हा विचारलं. याईर गप्प. हा शब्द नंतर आलेला होता. कायमचं सांगितलेलं नंतरच्या शब्दाने मोडत नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा याईरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला हो म्हणायचं होतं. इतकं मनापासून त्याला कधीच काही म्हणायचं नव्हतं. पहिल्या बाकावर मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

जाळीआडून शलोमी हळूच म्हणाली, "बोला ना. नको आहे का मी?"

 याईरने पाळकसाहेबांचं ते हरकतीचं वाक्य पुन्हा एकदा मनात घेतलं आणि सुतार फळी तपासतो तसं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. आणि त्याला फट सापडली. या वाक्यात बोलायची मुभा एकालाच आहे. ज्याची हरकत असेल त्याला. त्याचा चेहरा उजळला. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"माझी हरकत आहे," याईर म्हणाला. "होय, स्वीकारतो."

 पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. हरकत निघाली की लग्न थांबतं, चौकशी होते, आणि नावं पुन्हा तीन रविवार वाचावी लागतात. त्यांनी याईरला विचारलं, हरकत काय आहे. याईर म्हणाला, काहीच नाही, बोलता यावं म्हणून घेतली. पाळकसाहेबांनी कपाटातून मोठी वही काढली आणि नियमाप्रमाणे लिहिलं. हरकत घेणाऱ्याचं नाव, याईर. वरवधूंशी नातं, वर. खाली साक्षीदाराची सही लागत होती. मास्तरांना त्यांनी विनंती केली, पण मास्तरांचे हात अजून तोंडावरून निघाले नव्हते.

शेवटी शलोमीने जाळी वर केली. हसू दाबत तिने पेन घेतलं आणि सही केली.

याईरने वाकून वहीत पाहिलं. पाळकसाहेबांची मोठी वही, वर आपलं नाव, खाली शलोमीची सही. आजवरच्या प्रत्येक लग्नात शेवटी त्याने हेच पाहिलं होतं. त्याने पाळकसाहेबांना वाकून नमस्कार केला, बायकोचा हात धरला आणि मंडळीकडे वळून म्हणाला, "झालं. चला, जेवायला बसा."

मास्तर सोडून सगळे उठले.