बयनाच्या उंबऱ्यावरची हळद

पांघरूण घ्या बघू आधी. घेतलं? मग ऐका. एक होतं नगर, आणि त्या नगरात होती एक बयना. राजाच्या बागेच्या दाराशी तिचं गूळ-फुटाण्यांचं दुकान. नवरा म्हादू त्याच बागेत माळी.

बयनाची नजर म्हणजे काय सांगू! कोणाच्या अंगरख्याचा बंद तुटला, कोणाच्या कुंपणावरचा दोडका काल होता नि आज नाही, सगळं तिला दिसायचं. लगेच म्हणायची, "अगंबाई, काल असं नव्हतं!" लोक वैतागायचे. प्रधानजी तर तिच्या दुकानासमोरून जाताना आधी पागोटं चाचपून बघायचे, बरं का.

बागेत एक डाळिंबाचं झाड होतं. राणीनं लावलेलं. राणी देवाघरी गेली, आणि तिची छोटी लेक रोज त्या झाडाखाली बसून जेवायची. दुसरीकडं कुठं तिच्या घशाखाली घासच उतरायचा नाही.

मग एकदा काय झालं, ते डाळिंब आजारी पडलं. पानं मुडपली, चिकट झाली, कळ्या टपाटपा गळायला लागल्या. राजवैद्यांनी मुळाशी काढा ओतला. झाड तसंच. मग मांत्रिकानं धूर केला. सगळे खोकले, झाड तसंच. मग प्रधानजींनी झाडावर रेशमी छत्री धरली. हसू नका, खरंच धरली! झाड आपलं तसंच. राजकन्येनं ताट बाजूला सारलं. लेकीचं सुकलेलं तोंड बघून राजा कावराबावरा झाला. म्हणाला, "म्हादू, चौथ्या दिवशी झाडावर एकतरी नवी कळी दिसली पाहिजे. नाहीतर तू या नगरात राहायचं नाहीस."

म्हादू आला नि दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. "बयने, लेकरासारखं जपलंय गं मी ते झाड." बयनाला भरून आलं. ती त्याच्याशेजारी बसायला खाली वाकली. तर पायरीपाशी मुंग्यांची रांग! आणि ती दुकानात येतच नव्हती. गुळाच्या ढेपेकडं पाठ करून बागेकडं चालली होती.

"अगंबाई," बयना म्हणाली, "गूळ टाकून या निघाल्या कुठं?"

मग ती रांगेमागं निघाली. रांग भिंतीवरून गेली, बयना दारातून गेली. रांग डाळिंबावर चढली. बयनानं एक पान उलटं करून बघितलं. खाली हिरव्या, मऊ, इवल्या किड्यांची दाटी. मावा! ती तो पुसायला गेली, तोच एक मोठी मुंगी मागच्या पायांवर उभी राहिली.

"हात लावू नका, बाई. आमच्या गाई आहेत या. झाडाचा रस पितात नि आम्हाला गोड थेंब देतात."

"अगं, पण माझा गूळ का सोडलात?"

"आम्ही कुठं सोडला? तुमची सासू होती तोवर रोज सकाळी उंबऱ्याबाहेर चिमूटभर गूळ ठेवायची. ती गेली, आणि तुम्ही उंबऱ्यावर हळदीची रेघ ओढलीत. आमची पोरं उपाशी निजायला लागली. मग आम्ही गाई पाळल्या."

बयनाला रडूच फुटलं. सगळ्या नगराचं बघणारी ती, आणि दुकान लख्ख राहावं म्हणून रोज तीच ती रेघ ठळक करत होती. वर खूश व्हायची, किती छान, एक मुंगी नाही!

"चुकलं माझं," ती म्हणाली. "रेघ आत्ता पुसते. पण मग तुम्ही या गाई सोडाल का?"

"तीन सकाळी बघू," मुंगी म्हणाली. "मगच पोरांना आणीन."

पहिल्या सकाळी बयनानं गूळ ठेवला. एकच मुंगी आली, वास घेऊन परत गेली. दुसऱ्या सकाळी दहा आल्या. तिसऱ्या सकाळी सगळा गोतावळा आला, कडेवर पोरं घेऊन! झाडावर राखण करायला कोणी उरलं नाही. मग कुठून कुठून लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे उडत आले आणि त्यांनी मावा फस्त केला. म्हादूनं एकेक पान पाण्यानं पुसून काढलं.

चौथ्या दिवशी राजा आला. शेंड्याला एक लाल कळी, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता बयना गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ती पुढं झाली. "महाराज, म्हादूची काही चूक नव्हती. मुंग्यांना उपाशी ठेवलं ते मी. शिक्षा मला करा."

राजा हसून म्हणाला, "खरं बोललीस, मग शिक्षा कसली?" राजकन्या हळूच बयनाचा पदर धरून म्हणाली, "उद्या त्यांना गूळ मी घालू?"

"घाल की गं, बाळे," बयना म्हणाली. "पण त्यांच्याबरोबर तूही जेवायचंस."

तेव्हापासून रोज सकाळी राजकन्या त्या पायरीवर यायची. आधी मुंग्या जेवायच्या, मग ती. पुढं झाडाला फळं धरली, पहिलं डाळिंब बयनाच्या ओटीत पडलं, आणि मुंग्यांसकट सगळी सुखानं नांदली.

चला, मिटा डोळे. आणि हो, मघाशी दुधात घालायची साखर कोणीतरी खाली सांडलीय, ते दिसलंय मला. राहू दे, पुसू नका. सकाळपर्यंत येईल कोणीतरी जेवायला.